व्हिडिओ पाहिला, समजला, आणि तरी गणित आलं नाही

दोनओळी

मी ऑनलाइन पदवी अभ्यासक्रमाला संख्याशास्त्र शिकवते. थेट तास आठवड्यातून एकच, बाकी सगळी भिस्त ट्यूटोरियल व्हिडिओंवर. सत्र संपलं की विद्यार्थ्यांचे अभिप्राय येतात आणि मी ते एकेक करून वाचते. गेल्या सत्रात जे दिसलं ते तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये, म्हणून हा धागा.

सशर्त संभाव्यतेवर, म्हणजे एक गोष्ट घडल्याचं माहीत असताना दुसरीची शक्यता किती यावर, माझा एक ११ मिनिटांचा व्हिडिओ आहे. उदाहरण नेहमीचंच. एक आजार १०० जणांत एकाला असतो. चाचणी आजारी माणसांपैकी ९० टक्के लोकांना बरोबर पकडते, पण निरोगी माणसांपैकी १० टक्के लोकांनाही चुकून 'आजार आहे' म्हणते. एखाद्याची चाचणी 'आहे' आली, तर त्याला खरंच आजार असण्याची शक्यता किती? अशी शक्यता काढायचं बेजचं सूत्र मी लिहिलं, आकडे घातले, उत्तर काढलं. कुठे अडखळले नाही. रेकॉर्डिंग तीनदा केलं होतं आणि त्यातलं सर्वांत सफाईदार ठेवलं होतं.

अभिप्रायात हाच व्हिडिओ सगळ्यांच्या आवडीचा. 'एकदम क्लिअर', 'बेज पहिल्यांदाच कळला', 'असेच व्हिडिओ सगळ्या धड्यांना करा मॅडम'. मग स्वाध्यायात मी तेच गणित घातलं. आजाराच्या जागी यंत्राचा सदोष सुटा भाग, चाचणीच्या जागी तपासणी. आकडेही तेच ठेवले. तर ढीगभर उत्तरपत्रिकांत '९० टक्के' एवढंच लिहून पुढचा प्रश्न घेतलेला. खरं उत्तर १२ मध्ये १, म्हणजे ८.३ टक्के.

व्हिडिओ न पाहिलेल्यांची ही उत्तरं असतील असं आधी वाटलं. नोंदी पाहिल्या. व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिलेला होता, काहींनी दोनदा. म्हणजे 'समजलं' असं लिहिणारी मुलं मनापासून लिहीत होती, त्यांना तसं वाटलंच होतं.

विद्यार्थी आणि शिकवणारे दोघांनीही लिहा. व्हिडिओबद्दल विद्यार्थी जे सांगतात त्यातलं काय धरून चालायचं? आणि तुम्ही स्वतः शिकत असाल तर तुम्हाला व्हिडिओतून नेमकं काय मिळतं?

रात्रपाळी

मी दुसऱ्या बाजूचा. नोकरी सांभाळून पदवी करतोय, अभ्यास रात्री दहानंतर.

व्हिडिओ नसते तर मी प्रवेशच घेतला नसता, हे आधी सांगतो. वर्गात शिक्षकांना 'सर, परत सांगा' एकदा म्हणता येतं, दुसऱ्यांदा म्हणताना जीभ रेटत नाही. व्हिडिओत मी एकच वाक्य सात वेळा ऐकलंय आणि कुणाचा चेहरा बघावा लागला नाही. ज्याला एकदा ऐकून कळतं त्याला याची किंमत कळणार नाही.

पण त्रास कशाचा होतो तेही लिहितो. चाळीस मिनिटांचा व्हिडिओ, त्यात पहिली काही मिनिटं मागच्या वेळी काय झालं आणि आवाज येतोय का यात जातात. मला हवी असते एकच पायरी, तिसऱ्या ओळीतून चौथी ओळ कशी आली. ती शोधायला सरकपट्टी मागेपुढे ओढत बसायचं. कुठल्या मिनिटाला काय आहे एवढं खाली लिहिलं तरी अर्धा जीव वाचतो. दुसरं, आवाज. चित्र धूसर चालतं, आवाज घुमत असेल तर मी पाच मिनिटांत थकतो.

आणि एक गोष्ट शिक्षकांना बहुधा माहीत नसते. बाहेर कितीही चकाचक व्हिडिओ असले तरी आम्ही आमच्याच मॅडमचा आधी लावतो. अक्षरचिन्हं तीच असतात, धड्याचा क्रम तोच असतो, आणि 'इथे बरेच जण चुकतात' हे त्यांनी आमच्याच उत्तरपत्रिका तपासून सांगितलेलं असतं.

पेन्सिलकाम

छान धागा. मी शैक्षणिक व्हिडिओ बनवण्याच्या कामात आहे, माझी भर घालतो.

रात्रपाळी म्हणताहेत तेच मोठ्या प्रमाणावर दिसलेलं आहे. फिलिप ग्वो, जुहो किम आणि रॉब रुबिन यांनी २०१४ मध्ये एडएक्स या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावरच्या ४ अभ्यासक्रमांमधल्या ८६२ व्हिडिओंचा अभ्यास केला. व्हिडिओ पाहण्याच्या ६९ लाख नोंदी त्यांच्यासमोर होत्या. सगळीकडे सांगितला जातो तो निष्कर्ष म्हणजे ६ मिनिटांचा. व्हिडिओ कितीही लांब असो, विद्यार्थी त्यावर साधारणपणे फार तर ६ मिनिटं टिकतात. स्टुडिओतल्या महागड्या चित्रणापेक्षा साध्या जागी, कॅमेऱ्याकडे बघून बोलणारा शिक्षक जास्त पाहिला गेला. स्लाइडपेक्षा हाताने लिहीत लिहीत समजावलेलं जास्त पाहिलं गेलं.

या धाग्याला लागू पडणारा निष्कर्ष मात्र फारसा कुणी सांगत नाही. व्याख्यानाचा व्हिडिओ आणि ट्यूटोरियल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्याख्यान लोक सुरुवातीपासून ओळीने ऐकतात. ट्यूटोरियलमध्ये उड्या मारतात, हवं तिथे उतरतात, पुन्हा येतात. त्यामुळे ट्यूटोरियल बनवताना 'दुसऱ्यांदा येणारा माणूस' डोळ्यांसमोर ठेवावा लागतो. पायऱ्यांना ठळक शीर्षकं, आधी लिहिलेलं पडद्यावर शिल्लक, मिनिटांची यादी. आम्ही तयार झालेला व्हिडिओ आवाज बंद करून मधूनच कुठूनही लावून बघतो. पडद्याकडे बघून आपण कुठे आहोत ते कळलं नाही, तर तो भाग पुन्हा करतो.

प्रश्नचिन्ह

६ मिनिटांचा नियम ऐकून आमच्या अभ्यासक्रमात एका तासाच्या व्याख्यानाचे दहा तुकडे केले. वाक्याच्या मधे कापलेले! आता एक सिद्धता तीन फायलींत विभागलेली आहे.

शिवाय ६ मिनिटं टिकला म्हणजे ६ मिनिटं शिकला असं थोडंच आहे?

पेन्सिलकाम

बरोबर. ती नोंद 'किती वेळ पाहिलं' याची आहे, 'किती आलं' याची नाही. तुकडा विचाराच्या सांध्यावर पाडायचा असतो. रिचर्ड मेयर यांनी बहुमाध्यम शिक्षणावर अनेक वर्षं प्रयोग केले, त्यांतही तुकड्यांचा फायदा दिसतो तो शिकणाऱ्याने स्वतः 'पुढे' दाबल्यामुळे. एक पायरी पचली की मगच पुढची घ्यायची, हे त्याच्या हातात राहतं. घड्याळ लावून कापण्याशी त्याचा संबंध नाही.

जुनाफळा

दोनओळी, तुमचा अनुभव वाचून अगदी जवळचं वाटलं. दूरशिक्षणात माझी बरीच वर्षं गेली.

'समजल्यासारखं वाटणं' यावर शाना कार्पेंटर आणि सहकाऱ्यांचा २०१३ चा एक प्रयोग आहे. तिरंगी मांजरं जवळजवळ नेहमी मादीच का असतात, यावर सुमारे एका मिनिटाचा व्हिडिओ. बाई तीच, संहिता शब्दशः तीच. एकात ती ताठ उभी, समोर बघून, न अडखळता बोलते. दुसऱ्यात टेबलावर वाकून, कागदात बघून, चाचरत वाचते. पाहणाऱ्यांना विचारलं, थोड्या वेळाने यातलं किती आठवेल? सफाईदार व्हिडिओ पाहिलेल्यांनी बराच मोठा अंदाज दिला. प्रत्यक्षात दोन्ही गटांना आठवलं जवळपास सारखंच.

तुमची तीन रेकॉर्डिंगमधली निवड इथे येते, ताई. विद्यार्थी तुमच्या सफाईला स्वतःची समज धरून बसले. बोलणारा अडखळला नाही, म्हणजे माझ्या डोक्यातही कुठे अडथळा नाही, असं मन परस्पर ठरवून टाकतं.

हातांनी करायच्या गोष्टींत तर हे आणखी उघड दिसतं. मायकेल कार्डास आणि एड ओब्रायन यांनी २०१८ मध्ये लोकांना एखादं कसब व्हिडिओवर दाखवलं, कुणाला २० वेळा, कुणाला एकदाच. डार्ट नेमका मध्यावर मारणं हे त्यातलंच. वीसदा पाहिलेल्यांचा आत्मविश्वास चांगलाच वाढला, नेम तेवढाच राहिला.

आणि उलट बाजूही आहे. डेरेक मुलर यांनी सिडनी विद्यापीठात २००८ मध्ये पीएचडी केली, विषय भौतिकशास्त्राचे व्हिडिओ. एका प्रकारात संकल्पना सरळ, नेटकी समजावली. दुसऱ्यात दोन माणसांचा संवाद, त्यातला एक विद्यार्थ्यांच्या डोक्यात असतात त्याच चुकीच्या कल्पना बोलून दाखवतो आणि मग त्या तपासल्या जातात. पहिल्याला विद्यार्थी म्हणाले स्पष्ट, सोपा. गुण फारसे हलले नाहीत. दुसऱ्याला म्हणाले गोंधळात टाकणारा, आणि गुण त्याच्यामुळे वाढले. सरळ स्पष्टीकरण ऐकताना विद्यार्थी आपली जुनीच समजूत त्यात ऐकतो आणि 'हे तर मला माहीत होतं' म्हणून मान डोलावतो. तुमचे ९० टक्के लिहिणारे तेच करत होते असं मला वाटतं. व्हिडिओत कुणीही '९० टक्के का नाही?' असं विचारलंच नाही.

थोडं विषयांतर. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीचे पहिले विद्यार्थी १९७१ मध्ये शिकू लागले, तेव्हा त्यांचे कार्यक्रम बीबीसीवर ठरलेल्या वेळी लागत. त्या वेळी उठायचं, पाहायचं आणि हातात वही पेन ठेवूनच पाहायचं, कारण मागे नेण्याची सोय नव्हती. ते प्रसारण २००६ मध्ये थांबलं. आजची सोय लाखमोलाची आहे, पण 'नंतर परत बघू' या आधारामुळे पेन हातातून सुटलं ते सुटलंच.

शांतवाट

वाचते आहे. माझा मुद्दा वेगळा आहे, पण अभिप्रायाच्या अर्जात त्याला रकानाच नसतो, म्हणून इथे लिहिते.

मला कमी ऐकू येतं. माझ्यासाठी व्हिडिओ म्हणजे सबटायटल. आपोआप तयार झालेली सबटायटल आहेत ना, असं उत्तर येतं. एका व्हिडिओत शिक्षक 'अऋण संख्या' (शून्य किंवा त्याहून मोठी) म्हणाले होते, खाली आलं 'ऋण संख्या'. एक 'अ' गळाला आणि अट उलटी झाली. मी अर्धा तास ते उदाहरण ऋण आकडे घालून सोडवत होते. माझी समज कमी पडतेय असंच वाटत राहिलं, शेवटी मैत्रिणीला विचारलं तेव्हा उलगडा झाला.

दुसरी अडचण सबटायटल अचूक असली तरी राहते. 'आता हे इकडे घेतलं की याच्यातून ते जातं.' हे म्हणजे काय, ते म्हणजे काय? मी खाली वाचत असते तेव्हा बाण कुठे फिरला ते मला दिसत नाही. 'दोन्ही बाजूंतून क्ष वजा केला' असं नाव घेऊन बोललं की मला कळतं, अंध विद्यार्थ्याला कळतं, आणि फोनच्या छोट्या पडद्यावर बघणाऱ्यालाही कळतं.

बर्कलीच्या विद्यापीठाने २०१७ मध्ये आपली २० हजारांहून जास्त ध्वनी-चित्र व्याख्यानं सर्वांसाठी खुली होती ती काढून घेतली. ऐकू न येणाऱ्यांसाठी सबटायटल वगैरे सोयी नाहीत अशी तक्रार झाली होती आणि अमेरिकेच्या न्याय खात्याने विद्यापीठाला दोषी धरलं होतं. सोयी करण्याऐवजी व्हिडिओच काढले. ते वाचून मला फार वाईट वाटलं. मागणी बंद करण्याची कुणाचीच नव्हती. सबटायटल नंतर चिकटवायची गोष्ट समजली की काम डोंगराएवढं होतं आणि मग असे निर्णय होतात.

दोनओळी

शांतवाट, मनापासून धन्यवाद. मी आत्ताच माझा एक व्हिडिओ लावून पाहिला. पहिल्या तीन मिनिटांत 'हे' आणि 'ते' किती वेळा म्हटलंय ते मोजायला सुरुवात केली आणि मध्येच सोडून दिलं. हे मी बदलणार.

कंस

प्रोग्रामिंग शिकवतो. दोन गोष्टी.

वेगाबद्दल. माझे बहुतेक विद्यार्थी दीडपट वेगाने पाहतात आणि मी पूर्वी त्यावर चिडायचो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतल्या संशोधकांनी हे तपासलं आहे. दीडपट आणि दुप्पट वेगालाही आकलनात फारसा फरक पडला नाही, अडीचपटीला मात्र घसरलं. तेव्हापासून चिडणं सोडलं. पण तो प्रयोग माहिती सांगणाऱ्या व्याख्यानांवरचा होता. कोड लिहिताना बघायचं तर बरोबरीने स्वतः टाइप करावं लागतं, आणि तिथे दीडपट वेग घेतला म्हणजे टाइप करत नाही एवढाच अर्थ.

दुसरी गोष्ट, चूक. एकदा रेकॉर्डिंग चालू असताना माझा प्रोग्राम अडला. लूप, म्हणजे यादीतल्या एकेका घरावर तेच काम पुन्हा पुन्हा करणारा भाग, एक घर पुढे जात होतं. मला लगेच दिसेना. दोन-अडीच मिनिटं मी मोठ्याने बोलत शोधत होतो: इथे मोजणी शून्यापासून सुरू, म्हणजे शेवटचं घर लांबीपेक्षा एकने कमी, मग अटीत 'बरोबर किंवा कमी' कशाला? ते 'फक्त कमी' हवं. पुन्हा चित्रण करायला वेळ नव्हता म्हणून तसंच चढवलं.

कुठला भाग किती वेळा पाहिला गेला याचा आलेख आम्हाला मिळतो. त्या व्हिडिओचा आलेख सपाट चालतो आणि नेमका त्या अडीच मिनिटांवर टेकाडासारखा वर येतो. सत्राच्या शेवटी एकाने लिहिलं, 'सर, तुम्ही चुकल्यावर काय करता ते पहिल्यांदा पाहिलं.' मी तेव्हापासून चुका कापत नाही.

प्रश्नचिन्ह

सगळं पटतंय, तरी एक धोका दिसतोय तो बोलून टाकतो. 'विद्यार्थ्यांना वाटतं ते खरं नसतं' हे एकदा सिद्ध झालं म्हटलं की आमचा अभिप्राय कचऱ्यात टाकायला सगळे मोकळे. आवाज नीट नाही म्हटलं तर 'त्रास झाला म्हणजे शिकताय' असं उत्तर मिळेल. माझ्या एका विषयात थेट तास बंद करून फक्त व्हिडिओ ठेवले, आम्ही एकमुखाने विरोध केला, तेव्हा 'संशोधनानुसार व्हिडिओ तितकेच परिणामकारक' असं तोंडावर फेकलं होतं.

जुनाफळा

प्रश्नचिन्ह, तुमचा राग रास्त आहे. उच्च शिक्षणातल्या व्हिडिओंवर झालेल्या १०५ अभ्यासांचा आढावा २०२१ मध्ये मायकेल नोटेल आणि सहकाऱ्यांनी घेतला. चालू शिकवण्याच्या जागी व्हिडिओ आणला तर थोडा फायदा होतो. शिकवणं तसंच ठेवून वर व्हिडिओची जोड दिली तर बराच जास्त. त्यातलं पहिलंच वाक्य पुढे करणाऱ्यांना दुसरं वाचून दाखवा.

दोनओळी

प्रश्नचिन्ह, तुमचा मुद्दा मी कागदावर लिहून समोर लावलाय. आवाज, यादी, सबटायटल, लांबण, थेट तास हवा की नको, यात विद्यार्थी सांगतील ते शंभर टक्के खरं, कारण ते त्यांच्यावर बेततं. 'मला किती आलं' या एकाच प्रश्नाचं उत्तर व्हिडिओ संपल्या संपल्या त्यांना देता येत नाही. ते मलाही देता आलं नसतं. म्हणजे दोष माझ्या अर्जात आहे. 'समजलं का?' हा प्रश्न मी काढून टाकला. आता विचारते: कुठे थांबलात? कुठली ओळ परत ऐकली? कुठे सोडून दिलं?

या सत्रात तो बेजचा व्हिडिओ मी नव्याने केला, तेही सांगते. सुरुवातीलाच गणित मांडून म्हटलं, 'उत्तराचा अंदाज वहीत लिहा, मग पुढे जा.' पडदा अर्धा मिनिट रिकामा ठेवला. मग १००० चौकटी काढल्या. त्यातल्या १० रंगवल्या, हे आजारी. दहांपैकी ९ जणांवर खूण, यांची चाचणी 'आहे' आली. उरलेले ९९० निरोगी, त्यांच्यातल्या ९९ जणांवरही खूण. आता खूण असलेले किती? १०८. त्यात रंगवलेले किती? ९. सूत्र अगदी शेवटी आलं. टक्क्यांऐवजी असे मोजता येणारे आकडे दिले की हे गणित लोकांना खूप सोपं जातं, हे गेर्ड गिगेरेंझर आणि उलरिख हॉफरागे यांनी १९९५ मध्येच दाखवलं होतं. मला ते माहीत होतं आणि तरी मी सूत्रच फळ्यावर मांडत राहिले, कारण ते सुबक दिसतं.

मध्ये दोन ठिकाणी व्हिडिओ थांबतो आणि प्रश्न येतो. कार्ल श्पुनार आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये संख्याशास्त्राचंच २१ मिनिटांचं व्याख्यान चार तुकड्यांत दाखवलं होतं. प्रत्येक तुकड्यानंतर छोटी चाचणी दिलेल्यांचं मन कमी भटकलं, टिपणं जास्त निघाली आणि शेवटी आठवलंही जास्त. मी ते जसंच्या तसं उचललं.

अभिप्राय? आधीपेक्षा वाईट. 'मध्येच थांबवू नका', 'लिंक तुटते', 'जुना व्हिडिओ बरा होता'. पोटात खड्डा पडला. हार्वर्डमध्ये २०१९ मध्ये लुई देलॉरिए आणि सहकाऱ्यांनी भौतिकशास्त्राच्या वर्गात हेच पाहिलं होतं. स्वतः झगडून सोडवायला लावलेल्या मुलांना चाचणीत जास्त आलं, पण आपण कमी शिकलो असं त्यांना वाटलं. हे वाचलेलं असूनही ती वाक्यं वाचताना जुना व्हिडिओ परत लावावा असं दोन दिवस वाटत होतं.

स्वाध्याय तपासले. ९० टक्के लिहिणारे आहेत, पण खूपच कमी, आणि काहींनी समासात छोट्या चौकटी काढल्यात. एकीने पेन्सिलने '९०?' लिहून खोडलेलं दिसत होतं. काही जण तो थांबा उडी मारून पुढे गेले, तेही नोंदीत दिसतं, त्यावर अजून काही सुचलेलं नाही. पुढच्या वेळी पहिल्याच थेट तासाला हे प्रयोग मुलांना सांगणार आहे. व्हिडिओ मध्येच का थांबतो ते आधी कळलं तर निदान अन्याय वाटणार नाही.

शांतवाट

त्या रिकाम्या अर्ध्या मिनिटात पडद्यावर 'अंदाज लिहा' असं लिहून ठेवाल का? आवाजात सांगून पडदा कोरा ठेवला तर मला वाटतं व्हिडिओ अडकला.

दोनओळी

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. उद्या घालते.

रात्रपाळी

काल रात्री इथलं वाचून एक करून पाहिलं. प्रमाण विचलनाचा (आकडे सरासरीपासून किती पसरलेत त्याच्या मापाचा) व्हिडिओ मी आधी दोनदा पाहिला होता आणि माझ्या मते मला येत होता. लॅपटॉप बंद केला, कोरा कागद घेतला, पाच आकडे मनाने लिहिले आणि सुरुवात केली. सरासरी आली. फरक काढले. मग त्यांचा वर्ग का करायचा तिथे पेन थांबलं. व्हिडिओत ती ओळ मी दोन्ही वेळा ऐकली होती, आवाजही आठवत होता.

पाचही फरकांची बेरीज करून बघितली, शून्य आली. दुसरे पाच आकडे घेतले, पुन्हा शून्य. मग व्हिडिओ उघडला आणि थेट त्याच मिनिटावर गेलो. वर्ग केला की ऋण फरक धन होतात, ही ओळ तिथे होतीच. पण तिथे मॅडमनी सहज म्हटलंय, 'नाहीतर बेरीज शून्यच येईल.' हे वाक्य मी आधी ऐकलंच नव्हतं.